दम खा

मे महिन्यात आचऱ्याच्या मैदानावर, दिव्यांच्या झगझगाटात,
माझी चौदावी चढाई चालू असताना
गुडघा हळूच म्हणाला, पुरे.
कोणाला ऐकू गेलं नाही.
गुण मिळाला होता, ताशा वाजत होता.

आता जुलै. मैदानात पोटरीपर्यंत टाकळा,
रेषा मारायचा चुना
शाळेच्या पडवीत पोत्यातच दगड झालेला.
पराडकर सरांनी वहीच्या पानावर लिहून दिलंय:
सहा आठवडे उडी नाही, पकड नाही,
अंगणात एकटीने चढाई नाही (खाली दोन रेघा).
पोहणे. सायकल. झोप.
झोपेपुढे किती तास, ते लिहायचं राहिलं
की मुद्दाम सोडलं, कोण जाणे.

सुरुवातीचे आठ दिवस मला विश्रांती जमलीच नाही.
अंथरुणात पाय आपले आपणच बोनस रेषा शोधायचे.
सकाळी आईने भिंतीचा उडालेला पोपडा दाखवला.
‘रातभर कोणाक बाद करीत होतंस गो?’

पोहायला देवळामागची तळी. समुद्र सध्या कोणाचाच नाही.
शेवाळलेल्या पायऱ्या, दोन बेडूक, हाडात शिरणारं पाणी.
तळाशी जाऊन एकदा तो शब्द म्हणून पाहिला
ज्यावर बारा वर्षं माझा श्वास चालतोय.
नुसते बुडबुडे.
एकेक करून वर गेले,
आणि वर त्यांना धरायला कोणीच टपून नव्हतं.

सायकल निलोफर सारंगच्या मागोमाग.
ती आमची उजवी कोपरारक्षक,
पहाटे मामूच्या बेकरीचे पाव वाटते.
तिच्या कॅरियरला पावांची पेटी, माझ्या कॅरियरला काही नाही,
तरी घाटीच्या चढावावर तीच पुढे.
वळून विचारते, ‘काय गं, घोटा धरू?’
हसता हसता मला उतरावं लागतं.

सरांच्या कागदात लावणी नाही.
नको असंही लिहिलेलं नाही.
म्हणून मावशीच्या कुणग्यात अर्धा दिवस.
चिखलात वाकून, तोंड रोपांकडे, एकेक पाऊल मागे.
चढाईवरून परतताना पाठ दाखवायची नाही,
हे शिकवताना सरांचा घसा बसायचा.
मावशीला कोणी शिकवलं?
ती चाळीस वर्षं अशीच मागे मागे येतेय,
समोरच्या कशावरूनही नजर न काढता.
संध्याकाळी मांड्या भरून आल्या,
गुडघा मात्र गप्प. त्याचं मी मनातल्या मनात कौतुक केलं,
मोठ्याने केलं तर शेफारेल.

बाबांची होडी सुरूच्या बनात, झापांखाली.
बंदीचे दिवस. तरी बाबा रोज जाऊन तिच्या फटी चाचपतात,
कणकवलीच्या डॉक्टरने माझी वाटी चाचपली तशा,
बोट इथे आणि नजर भलतीकडेच.
‘राळ उद्या भरूया?’ मी विचारते.
‘दम खा. आतसून सुकूंदे.’

दम खा.
मैदानात तो धरायचा, घुमवायचा, तुटू द्यायचा नाही.
खायचाही असतो, हे ऐकत आले होते,
पण ताटात कोणी वाढला नव्हता.

त्या दुपारी बाबा होडीला टेकून झोपले, मीही झोपले.
जाग आली तेव्हा गालावर फळीची रेघ उमटलेली
आणि भरतीचं पाणी हातभर अंतरावर.
किती तास, मोजले नाहीत.

साडेतीन आठवडे झालेत. काल, सरांना सांगू नका,
अंगणात पायाच्या अंगठ्याने मध्यरेषा ओढली.
श्वास भरून घेतला.
मांडीवर थाप मारायला हात वर गेला,
तो तसाच केसांवरून फिरवून खाली आणला.

कोंबडी आली, रेषा ओलांडून पलीकडे गेली,
काहीतरी टिपलं,
आणि सावकाश चालत परत आली.